एका मिनिटाचं स्टूल

त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव बॉक्सिंगच्याही आधीचं, शाळेतल्या तिसऱ्या बाकावरचं. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेला मुलगा, दुसरं काय म्हणणार? त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं अक्षर वर्षभर वेडंवाकडं आलं, कारण बाक सारखा हलायचा.

घरी तर मोठीच पंचाईत होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक काचेचं कपाट, एक टेबल, त्यावर पांढरा कागद, आणि डोळ्याला भिंग लावून, श्वास धरल्यासारखे बसलेले बाबा. कागदावर खसखशीएवढे स्क्रू. भिंगरी टेबलाला नुसता टेकला तरी ते उडायचे.

"लांब हो," बाबा म्हणायचे. रागावून नव्हे, गरम भांड्यापासून मुलाला बाजूला करावं तसं. पण दिवसातून दहा वेळा ऐकायला लागलं की ते अंगाला चिकटतं. लांब होता होता तो रस्त्यावर गेला, आणि चौदाव्या वर्षी रस्त्यावरून पोस्टामागच्या व्यायामशाळेत.

तिथले सर म्हणजे निवृत्त बसचालक. नाक चपटं झालेलं, आवाज हॉर्नसारखा. त्यांनी या काडीपहिलवानाला रिंगभोवती पळताना पाहिलं आणि म्हणाले, "याला ठोसे मारायला शिकवता येईल. थांबायला शिकवणं माझ्या बापाला जमणार नाही."

वजन पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे अगदी हलक्या गटातला. दिवसा तो कुरिअरची पार्सलं घेऊन जिने चढायचा, संध्याकाळी दोरीवर उड्या मारायचा. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन फेऱ्या असतात, आणि दोन फेऱ्यांच्या मधे मिनिटभर विश्रांती. त्या मिनिटात कोपऱ्यात स्टूल ठेवतात. भिंगरी त्या स्टुलावर कधीच बसला नाही. तो दोरखंडाला पाठ लावून जागच्या जागी नाचायचा. समोरचा धापा टाकत बसलेला असे, आणि हा आपला नाचतोय! बघूनच त्याचं अवसान गळायचं. लोकही ओरडायचे, "बसू नको रे भिंगरी!" आणि तो दात काढून आणखी उंच उडायचा. नऊ वर्षांत त्याने सत्तावन्न लढती खेळल्या, त्यातल्या एकेचाळीस जिंकल्या. आईने चषक कपाटात, बंद पडलेल्या घड्याळांशेजारी मांडले. बाबांनी मात्र एकही लढत पाहिली नाही. "मला नाही बघवत," एवढंच म्हणायचे.

चोविसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. तिथे डोक्याला संरक्षण नाही, ग्लोव्ह्ज पातळ, आणि फेऱ्या वाढत जाणाऱ्या. पहिली लढत चार फेऱ्यांची होती, ती त्याने नाचत जिंकली. दुसरी सहा फेऱ्यांची. पाचव्या फेरीत त्याचे पाय ओल्या मातीत रुतावेत तसे रुतले, आणि तो हरला. तिसरीही सहाचीच. समोर टक्कल पडलेला एक अनुभवी गडी होता. तो विश्रांतीच्या प्रत्येक मिनिटात न्हाव्याकडे नंबर लावल्यासारखा शांत बसायचा आणि उठून भिंगरीला बडवायचा. पाचव्या फेरीत पुन्हा पाय गेले.

आयोजकाने त्याला बोलावून घेतलं. "हरतोस म्हणून बोलत नाही. पण पाचव्या फेरीपासून तू उभं राहून मार खातोस, ते कोणाला बघवत नाही. याच टकल्याबरोबर आणखी एक देतो, सहा आठवड्यांनी. पुन्हा पाय गेले तर माझ्याकडे येऊ नकोस."

पार्सलांचं काम होतंच, पोटाला कमी पडलं नसतं. पण ज्या चुळबुळीपायी शाळेतून, टेबलापासून, सगळीकडून हाकललं गेलं, तिला जगात एकाच जागी टाळ्या मिळत होत्या. ती जागाही आता जाणार होती.

सर म्हणाले, "बस ना रे मिनिटभर! एवढंच तर सांगतोय."

सरावात तो बसून बघायचा. आठ सेकंदांत ताडकन उठायचा.

"सर, गुडघे थरथरतात."

"थरथरू देत."

"तसं नाही सर. बसलो की वाटतं... आता उठताच आलं नाही तर?"

हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सरांनी त्या दिवशी सराव तिथेच थांबवला.

आठवडाभर तो घरभर येरझारा घालत होता. शेवटी बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं. "काय झालंय? आठ दिवस कपाटाची काच वाजतेय."

त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"किती वेळ बसायचं असतं?"

"एक मिनिट."

"बस? मी म्हटलं तासभर असेल." बाबांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "ये इकडे."

आयुष्यात पहिल्यांदा ते त्याला टेबलाजवळ बोलावत होते. तो बसला. बाबांनी पत्र्याचं एक झाकण त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ठेवलं. त्यात एका घड्याळाचे अकरा स्क्रू होते. बाराव्या सेकंदाला अकराही जमिनीवर! बाप आणि लेक चुंबक घेऊन अर्धा तास रांगत होते. आई दारातून म्हणाली, "छान! घरात एक चुळबुळ्या होता तो कमी होता का?"

"उद्या पुन्हा," बाबा टेबलाखालून म्हणाले.

रोज दुपारी हेच. वीस सेकंद, मग पस्तीस. एकदा तर पंचावन्नला गेलं, एवढ्यात रस्त्यावर कोणीतरी शिंकलं.

"तू पाय धरून ठेवतोस," बाबा म्हणाले. "धरलं की कापतं. मी श्वास सोडतो आणि हात टेबलावर ठेवून देतो, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा."

"आणि उठता नाही आलं तर?"

"चाळीस वर्षं बसतोय मी. रोज जेवायला उठतोच की."

लढतीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत येऊन बसले. पहिल्या फेरीनंतर सरांनी स्टूल ठेवलं आणि भिंगरी बसला. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, भिंगरी बसला! दमला का रे एवढ्यातच?" सगळे हसले. त्याच्या पिंढऱ्या उसळल्या. उठून नाचावं आणि तोंड बंद करावं एकेकाचं! त्याने ग्लोव्ह्ज गुडघ्यांवर ठेवले, झाकण ठेवावं तसे, आणि श्वास सोडला. समोर टकल्या बसला होता, आणि प्रथमच त्याच्याकडे निरखून बघत होता.

चौथ्या फेरीत भिंगरीच्या कानशिलावर असा ठोसा बसला की दिवे दोनाचे चार दिसले. त्यानंतरचं मिनिट सगळ्यात लांबलं. जुनी भीती पाठीतून वर चढत होती. सर काय बोलत होते ते त्याच्या कानात शिरलंच नाही. मग घंटा झाली, आणि तो उठला. उठता आलं.

पाचव्या फेरीत पाय होते. सहाव्यातही होते, टकल्याचे मात्र उरले नव्हते. तीन परीक्षकांपैकी दोघांनी कौल भिंगरीच्या बाजूने दिला. हात वर गेला तेव्हा त्याने तिसऱ्या रांगेत पाहिलं. बाबा रुमालाने चष्मा पुसत होते, एकच काच, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला डोळा घेऊन तो दुकानात येरझारा घालू लागला. कपाटाची काच वाजायला लागली.

"बाबा, बघितलीत का काल लढत?"

"मारामारी नाही बघितली. तेव्हा मी खाली बघत होतो." बाबांनी चिमट्याने एक स्क्रू उचलला. "मधली मिनिटं बघितली. पाचही. चौथ्यात डावा गुडघा हलला."

भिंगरी थांबला. "हलला," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पुढची लढत देतायत. आठ फेऱ्यांची."

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सात मिनिटं."

त्यांनी हातातला स्क्रू पत्र्याच्या झाकणात टाकला आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.