शबाना कॉलेजची मालकीण झाली तेव्हा

आमच्या कॉम्प्युटर लॅबचे किस्से म्हणजे घरातले जुने चार्जर. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण ड्रॉवर उघडला की एकात एक गुंतून सगळेच बाहेर येतात! लातूरच्या आमच्या कॉलेजात मी लॅब इनचार्ज, शबाना माझी सहकारी आणि गंगाधर सर आमचे विभागप्रमुख, मूळचे बिलोलीचे. हे किस्से आम्हा तिघांचे, एका प्रॅक्टिकल परीक्षेच्या आसपासचे.

*

पोरांनी लिहिलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवायचा तर आधी तो सँडबॉक्समध्ये कोंडायचा. आत त्यानं कितीही धिंगाणा घातला तरी बाहेरच्या फायली सुरक्षित. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये फर्मान काढलं, "लॅबला सँडबॉक्स पाहिजे म्हणजे पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी स्टोअरचे दिगंबरराव दारात हजर. हातात लाल बादली, वाळूनं काठोकाठ भरलेली.

"बॉक्स न्हाई मिळाला मॅडम. बादलीत चालंल का?"

*

सॉफ्टवेअरचा सँडबॉक्स बसला, मजेत चालला. अन् परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी शबानानं बातमी वाचली: त्या सँडबॉक्सलाच भोक आहे. आत कोंडलेला प्रोग्रॅम त्यातून निसटला की तो चालवणारा माणूस सर्व्हरचे सगळे हक्क घेऊ शकतो.

तिनं साध्या विद्यार्थ्याच्या लॉगिननं करून पाहिलं. मग खुर्चीतून उठलीच.

"सर, मी मालकीण झाले!"

"अरे वा! कुठल्या प्लॉटची?"

"अख्ख्या कॉलेजची!"

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. प्रश्नपत्रिका, पोरांचे मार्क, सगळं त्याच सर्व्हरवर होतं. सँडबॉक्स आम्ही तिथल्या तिथं बंद केला. पण तो बंद ठेवून परीक्षा घेणार कशी?

*

नांदेडच्या एका कॉलेजात हेच सॉफ्टवेअर होतं. तिथले व्यंकट सर म्हणजे आमच्या सरांचे जुने दोस्त. लॅबमध्ये पोरं बसलेली, म्हणून सरांनी फोनवर आडवळणानं सांगितलं.

"व्यंकट, तुझ्या दाराची कडी निघून राहिली बघ. कुणीबी आत येईल!"

पलीकडं खुर्ची सरकली. मग दार उघडल्याचा, लावल्याचा आवाज.

"न्हाई की गंगाधर. कडी लई मजबूत हाय!"

*

दुपारी कंपनीनं दुरुस्ती पाठवली. जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात कॉलेजसमोर खोदकाम करणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडली! मग सरांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करून शबानाच्या लॅपटॉपवर डाउनलोड लावलं. अर्ध्याच्या वर गेलं आणि सरांना घरून फोन आला.

सरांची सवय अशी, की फोनवर बोलायला लागले की पाय चालायला लागतात. सर बोलत बोलत निघाले व्हरांड्यात. डाउनलोड जागच्या जागी थांबलं!

शबाना लॅपटॉप छातीशी धरून मागं धावली. "सर, उभे राहा! सगळं कॉलेज तुमच्या खिशात हाय!"

सर जिन्यावर थिजले. तिकडून वहिनींनी ‘खिशात काय?’ असं विचारलं असावं, कारण सर घाईनं म्हणाले, "न्हाई गं, तसलं काही न्हाई खिशात!"

*

दुरुस्ती बसली. शबानानं पुन्हा तेच करून पाहिलं. आम्ही तिघं स्क्रीनला नाक लावून. उत्तर आलं: परवानगी नाही.

सरांनी चष्मा काढला. डोळे पुसत म्हणाले, "आजवर लई नकार ऐकले, पण पेढे वाटावेत असा हा पहिलाच!"

*

परीक्षा सुरळीत पार पडली. तरी सरांच्या मनात एक काटा होताच: आमच्या आधी कुणाला ते भोक सापडलं होतं का? त्यांनी वर्गात सरळ विचारलं, "खरं सांगा. रागावणार न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग किल्लारीहून रोज एसटीनं येणारी मनीषा उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"सर, मला सापडलं होतं. चुकून आत गेले, घाबरून लगेच बाहेर आले."

सरांनी खडू खाली ठेवला. "काय पाहिलंस?"

"फक्त माझे मागचे मार्क."

"बदललेस?"

"न्हाई सर. पण बेरीज चुकलीय तुमची. मला दोन मार्क जास्त पडलेत. कमी करता आले असते, पण मला परवानगी नव्हती ना!"