आबांचं तोंड

"बसा. खुर्चीत बसा म्हटलं ना!"

विमानतळाच्या दारातच तिथल्या एका मदतनिसानं माझा दंड धरला आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी आंधळी हाय. पाय धडधाकट हायत. गळ्यातला फोन कॅमेऱ्यातून बघून कानात वाट सांगत होता, हातात पांढरी काठी होती. त्यानं दोन्ही काढून घेतलं. "काउंटरवर ठेवतो, जाताना देतो." आणि शेजारच्याला विचारलं, "इनको कहाँ जाना है?"

मला न्हाई. शेजारच्याला!

नांदेडजवळ अर्धापूरला माझे वडील, आबा, वारले होते. भाऊ रडत म्हणला होता, "अक्का, तू आल्याबिगर उचलत न्हाई. ये लवकर." लोक शेवटचं तोंड डोळ्यानं बघतात. मी आबांचं तोंड कायम हातानंच बघितलं. कपाळ, खरखरीत गाल, मिशा. तेवढं एकदा बघायचं होतं मला.

त्या मदतनिसानं खुर्ची भिंतीला लावली अन् गेला. हाका मारल्या. उठले, चाचपडले. कुणीतरी दाबून परत बसवलं, "पडाल ना मॅडम!"

नांदेडचं विमान गेलं. मग तो आला. "अरे, आप यहीं हो? हम भूल गए."

भूल गए.

दुसऱ्या विमानानं मी पोचले तवा सगळं उरकलं होतं. "उन्हाळा हाय अक्का, किती येळ ठेवावं," भाऊ म्हणला. त्याचं काय चुकलं? राख सावडताना मी हात घातला. कोमट राख. कपाळ न्हाई, मिशा न्हाई. लई रडले. अजून रडते.

केळीच्या बागेत आबांनी कधी माझा हात धरला न्हाई. पुढं उभं राहून सांगायचे, "डाव्या अंगाला पाट हाय पोरी, सांभाळून." कुणी धरायला आलं की खेकसायचे, "सोड तिला! वाट सांग नुसती." कानातलं यंत्रबी तेवढंच करतं. वाट सांगतं.

तेरावं करून नोकरीवर परत निघाले. नांदेडच्या विमानतळावर पुन्हा खुर्ची, पुन्हा दंडाला हात. "मॅडम, रूल आहे. बसा."

"न्हाई बसत. हात काढा."

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"असल्याच खुर्चीपायी माझ्या बापाचं शेवटचं तोंड हुकलं. फोन गळ्यात राहील, काठी हातात राहील."

त्याचा साहेब आला. आवाज चढला. मागं रांग तुंबली. तुंबू दे. मी हलले न्हाई. शेवटी दंडावरचा हात निघाला आणि मी काठी टेकत चालायला लागले.

आता वाट सांगायची असंल तर सांगा. हात धरला तर झटकणार. दर खेपेला झटकणार.