खंडेनवमीचं कुलूप

सुहासिनीने शिवलेल्या ब्लाऊजचा टाका कधी उसवत नाही, असं हेंद्रेपाड्यातल्या बायका म्हणत. वीस वर्षं ती पायाचं मशीन मारत होती. मोटरचं मशीन घ्यावं म्हणून एकदा ती बँकेत गेली होती. साहेबांनी दोन पगारदार जामीन मागितले. नवरा कारखान्यातून कमी झालेला, तिला जामीन राहणार कोण? ती आली तशी परतली आणि पुन्हा पायडलवर बसली.

आणि ही नूतन. काल-परवापर्यंत साधं काज करायलाही तिच्याकडे धावत येणारी पोरगी. तिने समोर भाड्याने गाळा घेतला, उल्हासनगर कॅम्प एकच्या सिंधी शेटचे गाऊन शिवायला आणू लागली, आणि दोन हजार पाच साली सरकारच्या रोजगार योजनेत कर्जाचा अर्जही टाकून मोकळी झाली. तारण नको, जामीन नको, वर सबसिडी. बायकांना वयाची अट पंचेचाळीस. सुहासिनीला सत्तेचाळिसावं लागलं होतं.

"ताई, चार मशीनं घेणार. सगळी मोटरची," नूतनने सांगितलं. सुहासिनी "बरं झालं बाई" म्हणाली खरी, पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिला सुई धरायला शिकवलं कोणी आणि सरकारला दिसली कोण? त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या लावल्या.

बँकेचा माणूस पाहणीला आला तो नेमका खंडेनवमीला. नूतन मशीनला हळदकुंकू वाहून, हार घालून, गाळ्याला कुलूप लावून कुळगावला माहेरी गेली होती. सुहासिनीचं मशीनही आत पूजा करून झाकून ठेवलं होतं. ती दारात झेंडूचं तोरण ओवत बसली होती. साहेब उत्तरेकडचा, नवीनच बदलून आलेला.

"बहनजी, ये दुकान चलती है, या बंद रहती है?"

आज हत्यारांची पूजा असते, आज कोणीच मशीन चालवत नाही. एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण चार मशीनं डोळ्यांपुढे आली, चारही मोटरची.

"ताला दिख रहा है ना साब," ती म्हणाली आणि पुढचं फूल उचललं.

साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो गेला. सुहासिनीला त्या रात्री छान झोप लागली.

दिवाळीनंतर नूतन बँकेचं पत्र घेऊन आली. पाहणीच्या दिवशी व्यवसाय बंद आढळला, म्हणून अर्ज नामंजूर.

"कामाला कोणाला ठेवणार ते अर्जात लिहायचं होतं," ती म्हणाली. "पहिलं नाव तुमचं टाकलेलं. मास्तर म्हणून. सगळ्यात चांगलं मशीन तुम्हालाच द्यायचं होतं."

सुहासिनीला आधी रागच आला. हिच्या हाताखाली? मग तिची नजर आपल्या पायडलच्या मशीनवर गेली.

"खंडेनवमी होती, एवढं त्याला सांगायला कोणीच भेटलं नाही का हो, ताई?"

"नसेल भेटलं."

नूतनने डोळे पुसले आणि पिशवी पुढे केली. "दोन डझन गाऊन आहेत. शेटला घाई आहे. हे निम्मे तुम्ही शिवाल?"

सुहासिनीने पिशवी घेतली. मोटरच्या मशीनवर ते एका दिवसाचं काम होतं. तिला पायडलवर तीन दिवस लागले.