आमच्या घरचं पित्त

माझं अर्धं डोकं दुखतं. उजवीकडचं. हे वाक्य इतक्या जणांपुढे बोलून झालंय की आता माझाच मला वैताग येतो. ऐकणारा मान हलवतो आणि म्हणतो, पित्त असेल. आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की निकाल लागला, पुढे चौकशी नाही. शेजारच्या काकू मोरावळा आणून देतात, ऑफिसातल्या मावशी कोकम सांगतात आणि मेडिकलवाला काही न विचारता गोळ्यांची पट्टी हातात ठेवतो. त्या पट्ट्यांवर मी पुण्यातली सगळी वर्षं काढली.

मी मूळची अकोल्याची. शिकायला पुण्यात आले, कर्वेनगरात राहिले, आयटीत लागले. दुखणं शाळेपासूनचं. डोकं चढलं की आई गरम पाण्यात मीठ कालवून तांब्याभर पाजायची आणि घशात बोटं घालायला लावायची. उलटी झाली की जरा हलकं वाटायचं, म्हणजे पित्तच की! आईला स्वतःलाही त्याचा त्रास, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा.

पण नोकरीत तांब्याभर मिठाचं पाणी चालत नाही. स्क्रीनवरची अक्षरं मधूनच गायब व्हायची, मग तासाभरात डोक्यात घण पडायला लागायचे आणि मी घरी. साहेबांनी एकदा बोलावून सांगितलं की डोकं त्यांचंही दुखतं, ते चहा घेतात. वर हेही सांगितलं की अशाच दांड्या पडल्या तर प्रोजेक्टवर ठेवणं अवघड आहे. चिडले मी. आजार असता तर गोष्ट वेगळी होती, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला नोकरी टिकवायची होती आणि त्यासाठी कुणीतरी शहाण्या माणसाने याला आजार म्हणायला हवं होतं.

मध्ये कंपनीने काही महिने हॉलंडला पाठवलं. मनात म्हटलं, चला, आता सुटले. तिथले डॉक्टर फार सभ्य. शांतपणे ऐकून घेतलं, ताण आहे म्हणाले, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या. मी हटून बसले तेव्हा तज्ज्ञाकडची तारीख मिळाली, ती माझा व्हिसा संपल्यानंतरची. तिथल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरची पोलंडची मुलगी म्हणाली, तिचंही डोकं असंच आहे, ती सुट्टीत घरी जाते तेव्हाच दाखवते. इथे पित्त, तिथे ताण. दुखायचं ते दोन्हीकडे तेवढंच.

परत आल्यावर खटपट करून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळवली. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिच्या हृदयात नुकताच स्टेंट घातला होता आणि तपासण्या इथेच चालू होत्या. त्या दिवशी माझे डोळे उघडत नव्हते, म्हणून तीच मला रिक्षात घालून घेऊन गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलं. उजेड सोसतो का, आवाज सोसतो का, उपाशी राहिलं की वाढतं का. आणि घरात आणखी कुणाला आहे का?

"नाही बा," आईच बोलली. "आमच्या घरी कोणालेच नाही. मले तं निस्तं पित्त हाये."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तेच प्रश्न तिला विचारले. ती एकेक सांगत गेली. चतुर्थीला हमखास. उजेड नको, बोलणं नको, भांड्याचा आवाज नको. ती अंधाऱ्या खोलीत पडली की माझी आजी, म्हणजे तिची सासू, म्हणायची, पाहुणे आले की बरं हिचं डोकं उठतं.

"अहो आई, तुम्हाला पित्त नव्हतंच कधी," डॉक्टर म्हणाले. "हा मायग्रेन. मुलीला तुमच्याकडूनच आलाय."



"म्हंजे मी सोंग नव्हती करत," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही.

माझ्या मेडिकलच्या पट्ट्या त्यांनी बंद केल्या. रोज खाऊन खाऊन त्या गोळ्यांनीच दुखणं वाढवलं होतं. नवी गोळी लिहून दिली, दुखायला लागताक्षणी घ्यायची. आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही, पण तिथे तिने मागितलं. मलेही हेच द्या, म्हणाली. डॉक्टरांनी तिची फाइल चाळली आणि सांगितलं की स्टेंटनंतर ही गोळी देता येत नाही, हृदयाला धोका असतो. आधी आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. तिला दुसरं काही सौम्य लिहून दिलं. त्याने तिचं कमी होतं, थांबत नाही.

माझी नोकरी टिकली. आई आता इथेच राहते.

परवा रविवारी दुपारी दोघींचं एकदमच उठलं. पडदे ओढून एकाच पलंगावर पडलो. मी माझी गोळी घेतली. काही वेळाने डोकं उतरलं आणि चक्क भूक लागली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आवाज न करता उठायला गेले.

"तुयं उतरलं काय?" तिने डोळे न उघडता विचारलं.

हो म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं झालं," ती म्हणाली. "जाय, खाऊन घे."

आणि तिला खरंच बरं वाटलं होतं. तेच मला सहन होईना.