लाल पट्टीपर्यंत

मीटरवाल्या काकूंचं काम सांगायला वेळ लागत नाही. दार वाजवायचं, विजेचा आकडा वाचायचा, लिहायचा, पुढचं दार. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यांची चाळीस दारं झाली. रडू आलं नाही. कुणी चौकशी केली की "आहेत, बरे आहेत," म्हणायच्या आणि आकडा लिहून घ्यायच्या.

घरात नवऱ्याची खाऱ्या पाण्याची काचपेटी होती, तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. पाणी कुठवर हवं ते कळावं म्हणून त्यानं काचेवर लाल चिकटपट्टी लावली होती. दर रविवारी तो निळ्या बादलीत मीठ ढवळून पेटीत ओतायचा, हे काकूंनी पाहिलेलं. तो दवाखान्यात गेल्यावर पाणी पट्टीखाली उतरलं की त्याही बादली घेत, मीठ ढवळत, ओतत. रोज. एक दिवस चुकला नाही.

पाचव्या आठवड्यात एक मासा मेला. काकूंनी तो कागदात गुंडाळून टाकला आणि कामावर गेल्या. दुसरा तळाशी बसून भराभर कल्ले हलवत होता. त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आठवड्यानं पेशंटला घरी न्या. नवरा बोलत नव्हता, कुणाकडे धड बघतही नव्हता. घरी येऊन तो बघणार काय, रिकामी पेटी? काकू पेटीतलं बाटलीभर पाणी घेऊन नवऱ्याच्या नेहमीच्या माशांच्या दुकानात गेल्या.

दुकानदारानं त्यात मीठ मोजायचा काटा सोडला. "हजार भागांत पस्तीस भाग मीठ हवं, हे बेचाळीस आहे. काकू, मासे पाळताय की खारवताय?"

"रोज मोजून घालते."

"रोज?"

"हे घालायचे ना."

"काका आठवड्यातून एकदा जुनं पाणी काढून नवं भरायचे. एरवी पाणी उडून जातं, मीठ जात नाही. ते पेटीतच राहतं. म्हणून एरवीची भर साध्या पाण्याची."

काकूंनी पाहिलेला तो फक्त रविवार; एरवी सकाळी त्या घरी नसतच. "मग आजच सगळं बदलते."

"मग उद्या हाही जाईल. मीठ सावकाश चढलंय, सावकाशच उतरवा. रोज दोन जग काढायचे, दोन जग गाळलेलं साधं घालायचं. दिवसाला एक आकडा, बास. कंटाळा येईल हां."

"कंटाळ्याचाच पगार घेते मी," काकू म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

काटा घरी आला. मीटरच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडे उतरू लागले: बेचाळीस, एकेचाळीस, चाळीस. पाचव्या दिवशी मासा वर आला, दोन दाणे खाल्ले. काकूंनी आकडा लिहिला आणि चपला घातल्या.

नवरा घरी आला त्या सकाळी पस्तीस होतं. त्याला पेटीसमोर खुर्चीत बसवलं. त्याची नजर बराच वेळ दुसरा मासा शोधत राहिली.

"एक गेला," काकू म्हणाल्या. "मी रोज मीठ घातलं."

मग त्याचा चालता हात उचलला गेला आणि बोट लाल पट्टीवर टेकलं. पाणी बोटभर खाली होतं. काकू जग भरून आल्या. त्यानं आधी जगात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि मग हात बाजूला घेतला.

काकूंनी पाणी ओतलं, पट्टीपर्यंत.