दार लावण्याआधीची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. महाडच्या बाजारात करवंदांचा वास आला, की मी तिथं थांबत नाही.

लहानपणी मी पोलादपूरजवळ आजोबांकडे होतो. आईवडील मुंबईला. एवढं चौसोपी घर, आणि राहणारे आम्ही दोघंच. दिवेलागणीला दार लावण्याआधी ओटीवरून हाक द्यायची, "कोण उपाशी हाय का? जेवायला या!" ही घराची रीत. हाक ऐकून आलेल्याला कधी परत पाठवत नसत. बिरवाडीच्या आत्याशी आजोबांनी बोलणं टाकलं होतं. पण हाकेला ती आली असती, तर तिलाही पान वाढलं असतं.

आजोबांचा पाय सुजला आणि हाक माझ्याकडे आली. एका संध्याकाळी अंगणातल्या फणसाखाली कुणीतरी उभं दिसलं. मला वाटलं, भूत. मी आवाज न करता कडी घातली.

आतल्या खोलीतून आजोबांनी विचारलं, "हाक दिलीस ना रे?"

"दिली."

"कोण नाय आला?"

"नाय."

सकाळी पायरीवर पानाच्या द्रोणात करवंदं होती. पूर्वी माझ्यासाठी ती फक्त आत्याच आणायची. आजोबा द्रोणाकडे बघत राहिले. म्हणाले, "हाक ऐकूनबी आत आली नाय पोर."

पुढं ते पाय ओढत स्वतःच हाक द्यायचे आणि फणसाकडे बघत उभे राहायचे. आत्या पुन्हा आली नाही. आज वाटतं, त्या अंधारात तीही माझ्यासारखीच भ्यालेली असेल.

आजोबा गेले. आत्या बिरवाडीत आहे, थकली आहे. त्या दिवशी हाक दिलीच नव्हती, हे तिला सांगणं माझ्याकडे राहिलं आहे.