ड्रायव्हरशेजारची रिकामी सीट

एका सिनेमाच्या परीक्षणात मी त्याचा सर्वांत मोठा दोष मुद्दाम लिहिला नाही. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

गोवा राज्य झालं त्यानंतरची गोष्ट. मी खाणीवर वजनकाट्याचा क्लार्क होतो आणि डिचोलीच्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायचो. तो सिनेमा खनिजाच्या ट्रकवाल्याचा होता. सायकलवाल्याला उडवून पळतो आणि पुढे गुंडांच्या हाताला लागतो. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, सोबत होते. ते कुडाळचे, पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे.

पापण्यांवरची तांबडी धूळ, फेऱ्यांची घाई, धडकेनंतर एकट्याच फिरत राहिलेल्या चाकाचा आवाज, सगळं अस्सल. मला बसवेना. मध्यंतरानंतर मात्र त्या गुंडांमागे लागलेला हिरो, एक इन्स्पेक्टर, एकटाच दहा जणांना लोळवतो. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्या हिरोक ट्रक घेवन पाळी गांवच्या चढणीर सोडा रे, गियर बदलता बदलता रडतलो!"

थेटर हसलं. भावोजी हसले नाहीत. बाहेर आल्यावर विडी पेटवत म्हणाले, "सगळा खरा दाखवल्यान. पण तो ड्रायव्हर गाडयेत एकटोच कसो रे?"

मी म्हटलं, "चला, बस चुकेल."

राज्य होण्याआधी, कोकणी-मराठीच्या आंदोलनात रस्त्यावर टायर जळत होते, तेव्हा एका रात्री आमोणे गावाजवळ भावोजींच्या ट्रकखाली एक सायकलवाला आला. शेजारी मी होतो. क्लार्कला ट्रकात बसायला खाणीवर मनाई होती. भावोजींनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि मी ओरडलो, "थांबू नका! बाहेरचा ड्रायव्हर म्हणून गाडी जाळतले!"

त्यांनी गाडी तशीच पुढे काढली. सकाळी ते आपणहून पोलिसांत गेले. गाडीत एकटाच होतो म्हणाले. नोकरी त्यांची गेली, माझी राहिली. सायकलवाल्याचा पाय गेला.

परीक्षणात मी इन्स्पेक्टरला झोडपलं, धुळीचं कौतुक केलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटबद्दल अक्षर नाही. भावोजींनी ते वाचलं, घडी घातली, ताईला म्हणाले, "बरा लिहिता हां तुझो भाव."

ते आता नाहीत. ताईला अजून कुणी कुणी पळपुट्याची बायको म्हणतं. तिला आणि आमोण्याच्या त्या माणसाला, दोघांनाही, मला तोंडावर सांगायचं आहे: भावोजी थांबत होते, मी थांबू दिलं नाही. एवढं देणं राहिलं आहे.